हसण्याची जागा

"ग्लास पोटाला धरायचा नाही, दांडीला धरायचा," विनोद म्हणाला, तशी पंचवीस जणांनी मुकाट्याने बोटं खाली सरकवली.

पुण्यातल्या एका ऑफिसची सहल होती. सकाळपासून मंडळींनी बाग पाहिली होती, वाईनच्या टाक्यांपुढे उभं राहून फोटो काढले होते, आणि आता व्हरांड्यात वाईन चाखायला बसली होती. फेब्रुवारीतला रविवार. लांबच्या ओळींत द्राक्षांची तोडणी चालू होती.

विनोद केंदूरचा. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करून कंटाळला, तेव्हा शिरूरजवळच्या या बागेत आला. आधी मुकादमाच्या हाताखाली होता. बोलणं गोड, म्हणून मालकांनी त्याला गाईड केलं. पाहुणे कुठे हसतात ते त्याला पाठ झालं होतं. दुसऱ्या ग्लासानंतर लोक जरा सैलावले की तो ती गोष्ट काढायचा.

आजही काढली. बागेत एक बाई नवीनच कामाला आली होती. तहान लागली म्हणून तिने टाकीची तोटी सोडली आणि दोन तांबे वाईन पाणी समजून प्यायली. दुपारी सापडली वेलीखाली आडवी. मुकादम उठवायला गेला तर त्यालाच म्हणते, कंडक्टर, एक तळेगाव ढमढेरे द्या.

कॉलरच्या माईकमधून गोष्ट स्पीकरवर गेली, आणि नेहमीच्या जागी नेहमीचा हशा झाला. पुढच्या टेबलावरची निळ्या कुर्त्यातली एक मुलगीही हसली. हसून झाल्यावर तिने मात्र ग्लास तसाच भरलेला खाली ठेवला.

जेवणाच्या वेळी हात धुवायच्या नळाशी ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"विनोददादा, ओळखलं नाही ना? मी प्राची. दगडाबाईंची प्राची."

विनोदने नळ बंद केला.

"आई प्यायली नव्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "चक्कर आली होती तिला. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. शाळेला सुट्टी होती, मी तिच्याबरोबर आले होते. पाणी तुम्हीच आणलं होतं."

आणलं होतं. आठ वर्षांपूर्वीचं एप्रिलचं ऊन होतं, आणि त्याने नि मुकादमाने मिळून दगडाबाईंना सावलीत उचलून नेलं होतं. तिकीट त्यांनी मागितलंच नव्हतं. अर्धवट शुद्धीत त्या 'मला घरी सोडा, घरी सोडा' एवढंच म्हणत होत्या. टाकी, तांब्या, कंडक्टर हे सगळं त्याने नंतर एकेक करून घातलं. दर वेळी हशा थोडा वाढायचा.

त्याने कॉलरचा माईक काढून खिशात टाकला.

"तुम्हाला तरी काय बोलू?" प्राची म्हणाली. "मी पण हसले. आई इथं कामाला आहे हे ऑफिसात कुणाला माहीत नाही."

तिने तोंडावर पाणी मारलं आणि मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. दोन वाजता बस सुटली. प्राची तोडणीच्या बाजूला गेली नाही.

विनोद गेला. दगडाबाई ओळीच्या टोकाला एकट्याच घड तोडत होत्या.

"गाडी गेली व्हय?" त्यांनी विचारलं.

"गेली." त्याने क्रेट त्यांच्याजवळ सरकवला. "मावशी, मी पाव्हण्यांना एक गोष्ट सांगतो..."

"ठावं हाय. तुझा भोंगा हितवर ऐकू येतो की." घड त्यांनी अलगद क्रेटमध्ये ठेवला. "तुझ्या पोटाचा धंदा हाय बाबा. म्या काय म्हणू?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर विनोदला सोपं गेलं असतं. त्या पुढच्या वेलीकडे सरकल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "प्राची हापिसासंगं हितंच येणार म्हणून बोलली व्हती. ती बी हसली का रं?"

"न्हाई मावशी," तो घाईने म्हणाला. "ती उठून बाहीर गेली."

दगडाबाईंचा हात थांबला.

"आसं कशापायी केलं तिनं? हसायचं व्हतं की चौघांसारखं. एकलीच उठली म्हंजी लोकांनी इचारलं आसंल, काय झालं म्हणून. हापिसातली माणसं ती."

खरं सांगितलं असतं तर त्यांची काळजी मिटली असती. पण पोटची पोर आपल्यावर हसली, हे त्यांना सांगायची त्याची हिंमत झाली नाही. तो तसाच परतला.

चार वाजताच्या गटाला त्याने ती गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या ग्लासानंतर तो तिसऱ्या वाईनच्या रंगाबद्दल बोलत राहिला. पाहुणे मोबाईलमध्ये बघत बसले. मॅनेजरने दारातून दोनदा डोकावून पाहिलं.

साडेपाचला बायकांना न्यायला जीप आली. तोडणीच्या बायका साडीवरून पुरुषी फुल शर्ट घालतात. ते त्यांनी काढून पिशव्यांत कोंबले. दगडाबाईंनीही शर्ट काढला. आत जांभळी साडी होती, नवी, पदरावर कपाटातल्या घड्यांच्या रेघा अजून दिसणारी. शेजारच्या बाईने विचारलं, आज काय विशेष? काही नाही, म्हणाल्या, आणि पदर नीट मांडीवर घेऊन जीपमध्ये कडेला बसल्या.