तीन बोटांचा उतार

मी खुर्ची बोलतेय, एर्सिलियाबाईंच्या दारातली. माझे दोन पाय जन्मापासूनच आखूड होते, आणि तेही मुद्दाम.

आमचं गाव डोंगरमाथ्यावर, द्राक्षमळे खाली. गावात सपाट असं काही नाही, चर्चची फरशीसुद्धा उतरती. सुतार ओरेस्तेने मला या उतरत्या गल्लीतच ठेवलं, माझ्यावर वाईनचा पेला ठेवला आणि चढाकडचे दोन पाय थोडे थोडे कापत गेला. तीन बोटांइतके पाय कापल्यावर पेल्यातली वाईन सरळ दिसली. "घ्या वहिनी, झालं काम," म्हणत त्याने पेलाही संपवला.

समोरच्या दारात देल्फिना. पन्नास वर्षं दोघी रोज संध्याकाळी शेंगा सोलत समोरासमोर बसायच्या.

"तुझी वाईन म्हणजे नुसतं व्हिनेगर गं!"

"आणि तुझी खुर्ची लंगडी!"

हे झालं की मग ख्यालीखुशाली.

पुढे गुडघे दुखतात म्हणून मुलगा कोर्राडो बाईंना खाली शहरात घेऊन गेला. तिथे लिफ्ट होती. मीही गेले. सपाट फरशीवर मी कलले आणि बाई पडता पडता वाचल्या. कोर्राडो गुणी मुलगा. त्याने लगेच करवत आणून माझे लांब पाय कापले.

"बघ आई, पन्नास वर्षांत कुणाला सुचलं नाही!"

"छान," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून सोफ्यावर बसू लागल्या.

मग त्याने गावचं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं ठरवलं. हा चढ चढायला म्हणे लोक पैसे मोजतात. दारात जुनी खुर्ची दिसली की ते आणखी खूश होतात, म्हणून आज मला वर आणलं. खुर्चीबरोबर बाईही हट्टाने आल्या.

दारात ठेवताच मी उताराकडे कलले.

"आई, बसू नकोस. शोभेला आहे ती. चावी ठेवू आणि निघू."

बाई उभ्याच राहिल्या. आपल्याच दारात त्यांना बसायला जागा नव्हती. मला माझ्या एकसारख्या पायांची फार लाज वाटली.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. "आलीस होय? आणि खुर्ची कुणी बिघडवली? आता झाली खरी लंगडी!"

देल्फिना आत गेली, फुटक्या कौलाचे तुकडे आणि भरलेला पेला घेऊन आली. पेला माझ्यावर ठेवला, तुकडे उताराकडच्या पायांखाली सरकवले. वाईन सरळ झाली.

"बस आता."

बाई बसल्या.

"आई, गाडी खाली उभी आहे..."

"तिला घाई असेल तर जाऊ दे पुढे." बाईंनी घोट घेतला. "व्हिनेगर," म्हणाल्या, आणि रिकामा करून पेला पुन्हा देल्फिनापुढे धरला.

पाहुणे उद्या येणार आहेत. त्यांना दारात जुनी खुर्ची हवी होती, ती आहे. तिच्यावर बाई बसल्या आहेत आणि त्या उठतील असं मला तरी वाटत नाही. माझी विनंती एवढीच, माझ्या पायांखालची कौलं कुणी काढू नका.