कुंकवाचा व्यास

मंदावहिनीच्या कुंकवाचा व्यास पूर्वी चार आण्याच्या नाण्याएवढा होता. यंदाच्या गणपतीत तो ज्वारीच्या दाण्यावर आला. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची सवय घरातही सुटत नाही. कुंकू एकदम लहान झालं नाही. दर वर्षी थोडं थोडं होत गेलं.

वहिनीचा नवरा, माझा थोरला भाऊ माधव, एकाहत्तरच्या लढाईत छांबला बेपत्ता झाला. त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे आम्ही पेठेतली जागा सोडून विश्रांतवाडीला राहायला आलो, तेव्हा आईने जुन्या दारावर खडूने नवा पत्ता लिहिला. तो आला तर चुकायला नको. तिथले भाडेकरू पुसतात. आई बसने जाऊन पुन्हा लिहून येते.

पितृपक्षाच्या तोंडावर गुरुजी वडिलांच्या श्राद्धाचं विचारायला आले. चहा घेताना त्यांनी दर वर्षीचा विषय काढला.

"लढाईत गेलेल्यांसाठी चतुर्दशी असते..."

"गेलेल्यांसाठी ना? मग आमचा काय संबंध?" आई म्हणाली.

"बारा वर्षं वाट पाहायची असते. ती झाली, आई. देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग श्राद्ध करता येतं."

"म्हणजे गवताच्या पेंडीला मी माधव म्हणू? चहा गार होतोय तुमचा."

गुरुजींनी चहा बशीत ओतून संपवला. दर्भ कोणत्या कुळातला, हे मला सांगता आलं असतं.

आई वहिनीकडे वळली. "आणि मंदा, तुझं कुंकू दिसेनासं झालंय हल्ली. आरशात बघून लावत जा."

"बघूनच लावते."

"मग नीट लाव. त्याच्या नावाचं आहे ते."

वहिनीने रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले. ट्रे उचलला, पुन्हा टेबलावर ठेवला.

"तुमच्यासाठी लावते, आई. पुष्कळ वर्षं झाली, तुमच्यासाठीच लावते."

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली. आत कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही.

"गुरुजी," वहिनी म्हणाली, "दर्भ घेऊन या. चतुर्दशीच्या आत ह्यांचं सगळं करून टाकू."