एका दिवसात तेवीस पहाटा

गाडी बोगद्यातून बाहेर पडली की उन्यूआजीचा काळा कोंबडा आरवायचा. त्याला वाटायचं, उजाडलं. शिछांग स्टेशन सोडल्यापासून त्याच्या एकवीस पहाटा झाल्या होत्या आणि माणसांचं अजून दुपारचं जेवणही व्हायचं होतं. कोंबड्याच्या हिशेबाने तो तीन आठवडे गाडीत होता, आणि चेहराही तसाच करून बसला होता.

डोंगरातल्या त्या रमतगमत जाणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा शेळ्यांचा, बदकांचा आणि बटाट्याच्या पोत्यांचा. माणसं उरलेल्या जागेत. उन्यूने कोंबड्याची टोपली दोन पावलांमध्ये दाबून धरली होती. तिला पुश्योंग स्टेशनला उतरायचं होतं; तिथे लेकीकडे नात आठ दिवस अन्नाला शिवली नव्हती. ओढ्यात वाहता वाहता वाचली, पण भेदरलेला जीव अंग सोडून डोंगरात भटकतोय, असं गावच्या बिमोने, म्हणजे पुरोहिताने, पोथी उघडून सांगितलं होतं. मंत्र तो म्हणणार. पण जिवाला घरची वाट दाखवणार तो आजीच्या हातचे दाणे खाऊन वाढलेला काळा कोंबडाच. दुसरा चालायचा नाही.

समोरच्या बाकावर एक चाळिशीचा माणूस. त्याच्याकडेही तसलीच टोपली, तीत तसलाच काळा कोंबडा. आणि बूट चकचकीत! डोंगरातला माणूस आणि बुटाला चिखल नाही? उन्यूने टोपली आणखी आत ओढली.

"मावशी, कुठवर?"

"पुढे."

"पुढे म्हणजे?"

"मागे नाही, तिकडे."

त्याने वाकून पाहिलं. "कोंबडा झकास आहे हो."

"आजारी आहे."

"आवाज तर खणखणीत आहे की!"

"तोच आजार."

डब्यातले दिवे कधीच गेले होते. बोगदा आला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. प्रत्येक बोगद्यात उन्यू टोपली हलवायची. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी बाकाखाली. बाविसावा बोगदा लांबलचक निघाला. गाडी उजेडात आली, कोंबडा आरवला, पण समोरच्याच्या पायाशी! उन्यूच्या टोपलीत चिडीचूप.

"चोरा!" तिने उठून त्याची कॉलर धरली.

"मी चोर? सकाळपासून अंधारात खुडबुड तुमची चाललीय, मावशी! म्हणून तर मीही माझी टोपली जागेवर ठेवत नव्हतो."

डुकराचं पिल्लू मांडीवर घेतलेली एक बाई खिदळली. "घ्या! दोघांनी एकमेकांपासून इतकं लपवलं, की आपण कुणाच्या हे टोपल्यांनाच कळेना!"

"आरवला तो माझा," उन्यू म्हणाली.

"माझाही शिकला असेल. दिवसभर ऐकतोय."

"आणि माझा काय मुका झाला?"

"घसा बसला असेल."

आपला ओळखावा म्हणून तिने कुट्टूचे दाणे पुढे केले. दोन्ही कोंबडे तुटून पडले.

"कूळ कोणतं तुझं?"

"जिके. मी जिके वुगा."

उन्यू चपापली. तिचं माहेर जिकेंचंच. "कूळ चोरही सांगतो. पूर्वज म्हण."

वुगाने डोळे मिटले आणि बापामागून लेक, लेकामागून नातू अशी नावं घडाघडा म्हणायला लागला. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. चौदाव्या नावाचे दोन लेक दोन खोऱ्यांत गेले, तिथे तिच्या शाखेचं पंधरावं नाव उन्यूच्याच तोंडून निसटलं.

"आता नावं उलटी म्हण!"

त्याने एका श्वासात उलटीही म्हटली. आता आली का पंचाईत! सख्ख्या कुळातला भाचा, त्याची कॉलर धरायची कशी? तिने ती सोडली, वर हाताने सारखी केली.

"आत्या," वुगा म्हणाला, "पुढच्या बोगद्यात आरवेल तो तुझा."

टोपल्या मधोमध ठेवल्या. पिल्लूवाली बाई पहाऱ्याला बसली. बोगदा आला, गेला, आणि दोन्ही कोंबडे एका सुरात आरवले. खरं सांगायचं तर दोन बदकांनीही प्रयत्न केला, आणि पिल्लाला तर ते जवळजवळ जमलंच.

तेवढ्यात पुश्योंग आलं. वुगाने दोन्ही टोपल्या तिच्या हातात कोंबल्या. "दोन्ही ने. एक तर तुझा नक्की."

"आणि तू?"

"मी बाजारात विकायलाच चाललो होतो. आत्याला रित्या हाताने उतरवलं तर वरच्या चौदा पिढ्या मला जगू देतील?"

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

फुकट कुणी काही देतं? फलाटावर उतरताच तिने कान चाचपले. चांदीची कर्णफुलं होती. कमरेची चिलीम होती. तंबाखू चिमूटभरही कमी नव्हती. खिडकीतून वुगा हात हलवत निघून गेला.

संध्याकाळी बिमोने मंत्र म्हणत दोन्ही कोंबडे उंबऱ्यात धरले. दोघे एकदम असे काही आरवले, की नात दचकून उठून बसली आणि म्हणाली, "भाकरी. मधासकट." घरभर रडू आणि हसू एकदमच फुटलं.

उन्यूने नातीला भरवलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि पुन्हा एकदा आपले कान चाचपले.

"पूर्वज खरे सांगितले, कोंबडा दिला, नेलं काहीच नाही," ती लेकीच्या कानाशी पुटपुटली. "दाराला अडसर घाल. माणूस फार खोल आहे."