दोनदा थोपटलं की सोडायचं

लोकांना दात बसवून द्यायचे हा माझा धंदा. ते पाडायला शिकायचं मनावर घेतलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आमच्या लॅबमागच्या गल्लीत कोणीतरी एका बाईची पर्स ओढली, त्यात तिचा खांदा निखळला, आणि त्याच आठवड्यात मी टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये स्वसंरक्षणाच्या वर्गाला नाव घातलं. नवरा म्हणाला, "म्हणजे आता घरात जपून बोलायला हवं." मी हसले. तेव्हा त्याच्या विनोदांना मी हसत असे.

शिकवणारे मास्तर तुरुंगात सव्वीस वर्षं पहारेकरी होते. बुटके, पोट सुटलेले, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणारे. पहिल्या दिवशी आम्ही दहाबारा जण मुठी आवळून उभे राहिलो, तर त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि तासभर नुसते बोलत राहिले.

"मी सव्वीस वर्षं मारामाऱ्या पाहिल्या," ते म्हणाले. "जिंकलेला माणूस एक नाही पाहिला. एकाला कमी लागतं, एकाला जास्त. तुम्हाला कमी लागावं एवढंच मी बघणार. फुशारकी मारायची असेल त्यानं आत्ताच घरी जावं."

एक जण खरंच गेला. उरलेल्यांना मास्तरांनी दोन वर्षं घासलं. चालताना फोन खिशात. कोपऱ्यावरून वळताना भिंतीला चिकटून नाही, लांबून वळायचं. कोणी अंगावर आलं तर दोन हात अंतर ठेवायचं, तळवे उघडे करून छातीपुढे धरायचे आणि "नको भाऊ, जाऊ दे" म्हणत राहायचं. बघणाऱ्याला ती विनवणी वाटते, पण हात वेळेला जिथे हवेत तिथे असतात. मारायची वेळ आलीच तर एकदाच, जोरात, आणि तिथून चालतं व्हायचं. आपण कसं मारलं ते बघत उभं राहायचं नाही. आणि बॅग मागितली तर ती एका बाजूला लांब फेकायची आणि आपण उलट्या दिशेला पळायचं. "माणूस बॅगेपायी जीव गमावतो," मास्तर म्हणत, "आणि पंचनाम्यात तिच्यातून कंगवा निघतो."

हे सगळं मी जेवताना नवऱ्याला सांगत असे. ताट बाजूला सारून, हात करून दाखवत. तो 'हं' म्हणे आणि जेवत राही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो परवान्यांच्या टेबलावर आहे, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून त्याचे कान किटलेले असतात. त्या 'हं'चा मी कधी राग धरला नाही.

हॉलमध्ये माझी जोडी प्लंबरशी होती. त्याला सगळे प्लंबरच म्हणत, कारण त्याला दुसरं काही म्हणण्याइतका तो बोलतच नसे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, हात फावड्याएवढे. मला ताई म्हणे आणि पहिल्या महिन्यात मला धरतानासुद्धा लाजत असे. त्याच्याबरोबर मी हाताचा पेच शिकले. समोरच्याचं मनगट पकडून कोपर उलटं दाबायचं, की कितीही दांडगा माणूस वाकतो. सरावात कोणाचा हात मोडू नये म्हणून एक नियम होता: सहन होईना झालं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्या क्षणी सोडायचं. विचार करायचा नाही, तोंडाकडे बघायचं नाही. दोन वर्षांत प्लंबरनं मला आणि मी त्याला किती वेळा थोपटलं असेल देव जाणे. शेवटी शेवटी सोडायचं काम माझं डोकं करत नसे, हातच करत.

गेल्या महिन्यात मला नोकरी मिळाली. दुसऱ्या शहरातल्या दातांच्या कॉलेजात मुलांना कवळ्या करायला शिकवायची. एकवीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली खाली मान घालून मेण आणि प्लास्टर कालवल्यावर कोणीतरी मला 'मॅडम' म्हणून पत्र पाठवलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि संडासात जाऊन रडले. अट एकच होती: सोमवारी बारापर्यंत सगळी मूळ प्रमाणपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. दुसऱ्या प्रती काढायच्या म्हटलं तर दोन महिने कुठे गेले नाहीत.

नवरा खूश होता. म्हणजे मला तो खूश दिसला. "जा ना, मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणाला. त्यानं शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीला फोन केला, कचेरीत सांगितलं. गुरुवारी आम्ही दोघांनी बसून प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या कव्हरांत घातली. डॉक्टरांकडून अनुभवाचं पत्र घ्यायचं तेवढं राहिलं होतं. तोच म्हणाला, "उद्याच घेऊन टाक सही. फाइलच ने बरोबर, म्हणजे त्यांनाही सगळं एकदा बघता येईल." मला किती बरं वाटलं होतं ते आता सांगायलाही नको वाटतं.

शुक्रवारी साडेपाचला मी सही घेऊन लॅबमधून निघाले. लख्ख उजेड होता. गल्लीत विजेच्या खोक्यापाशी हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता, काच खाली ओढलेली, अंगात जाड जाकीट. मी दोन हात अंतर ठेवलं, तळवे वर केले, "नको भाऊ" म्हटलं. सगळं शिकवल्याप्रमाणे. तो काही बोलला नाही. त्यानं नुसता हात पुढे केला आणि बॅगेचा पट्टा धरला.

इथे बॅग फेकायची होती. फेकायला हात उचललाही. पण आत काय आहे ते आठवलं आणि माझं डोकंच फिरलं. मी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि त्याच्या पावलावर टाच आणली. तो कळवळला, पट्टा तुटला, बॅग खाली पडली. मी त्याचं मनगट पकडलं, कोपर उलटं दाबलं आणि त्याला भिंतीवर चेपला. चोर माझ्या हातात होता. एवढा मोठा माणूस, आणि मी त्याला हलू देत नव्हते. मला भीती वाटली नाही हे कबूल करते. मजा वाटली.

मी आणखी दाबलं. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या मांडीवर दोनदा थोपटलं.

माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते सुटले. त्यानं बॅग उचलली आणि लंगडत पळाला. कोपऱ्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकले. रस्त्यावरचा चोर शिव्या देतो, चावतो, लाथा झाडतो. मांडीवर दोनदा थोपटत नाही. जगात ते फक्त टायरच्या गोदामावरचे आम्ही अकरा जण करतो, आणि त्या अकरा जणांत जाकिटात न मावणाऱ्या खांद्यांचा एकच होता. प्लंबर. त्याला माझ्या कागदांचं काय करायचं होतं?

घरी नवऱ्यानं माझ्या मनगटाला बर्फ लावला. फडक्यात गुंडाळून, अगदी हळू. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर म्हणाला, "हेल्मेट घातलेला माणूस एवढंच सांगणार ना? त्यावर ते काय करणार? हातीपायी धड आलीस हे काय थोडं झालं? कॉलेजवाले पुन्हा कधीतरी बोलावतील." थोपटण्याचं मी त्याला सांगितलं नाही. हातात आलेला चोर मी स्वतः सोडला हे सांगायची मला लाज वाटली.

शनिवारी सकाळी प्लंबर हॉलमध्ये आला होता. न आला तर संशय येईल म्हणून आला असणार. लांब बाह्यांचा शर्ट, डावा पाय जपून टाकत होता.

"ताई, आज हात दुखतोय," तो म्हणाला. "पाइप काढताना मुरगळला."

"दुसरा दे," मी म्हटलं.

मी त्याला पेचात घेतलं आणि दाबलं. त्यानं थोपटलं. मी सोडलं नाही. त्यानं पुन्हा थोपटलं, घाईघाईनं, चारपाच वेळा. आजूबाजूचा सराव थांबला.

"बाई, सोडा," मास्तर ओरडले.

"माझी फाइल कुठे आहे?" मी त्याच्या कानाशी विचारलं.

"ताई, मोडेल."

"मोडू दे. तुझे पाइप दुसरा कोणीतरी बसवील. फाइल कुठे आहे?"

"साहेबांकडे दिली," तो म्हणाला. त्याचं कपाळ चटईला टेकलं होतं. "कालच. तुमच्या साहेबांकडे. माझा परवाना सहा महिने त्यांच्या टेबलावर पडलाय. ते म्हणाले, बॅग धर, ती सोडून पळेल. तिला हात लावायचा नाही. मी हात लावला नाही, ताई. तुम्हीच..."

मग मी सोडलं. तो चटईवर तसाच पडून राहिला आणि मी उभी. मला त्याचा राग येईना, ह्याचाच मला राग आला. सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. मास्तर जवळ आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं. तुरुंगातला माणूस, त्यांना माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं असेल ते असो. मी नको म्हटलं. नवऱ्याशी बोलायला मला मास्तर लागत नाहीत, असं मला अजून वाटत होतं.

घरी नवरा खिडकीपाशी बसून माझ्या चपलेचा निघालेला पट्टा चिकटवत होता. कालच्या झटापटीत निघालेला. मला बघून म्हणाला, "लवकर आलीस. मनगट कसं आहे?"

"फाइल दे."

"कुठली?"

"प्लंबरला भेटून आले."

त्यानं गोंदाच्या नळीला टोपण लावलं. किती वेळ लावला त्या एका टोपणाला. मग आतल्या खोलीत गेला, कपाटात रजयांच्या खाली हात घातला आणि फाइल काढली. पडताना तिचा एक कोपरा दुमडला होता, तो त्यानं सरळ केला होता. वर इस्त्री ठेवून दाबला असावा, इतका सरळ होता.

"मंगळवारी तुला मिळाली असती," तो म्हणाला. "लॅबच्या दारात कोणीतरी टाकून गेलं असं झालं असतं. फाडायची नव्हतीच मला. तुझी मेहनत आहे ती, मला कळत नाही का?"

"मग सोमवारी का नको होती?"

तो पलंगावर बसला. "मला नको म्हणता येईना. पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. तेव्हा जा म्हणालो, मग सगळ्यांना सांगून बसलो. कोणत्या तोंडानं नको म्हणू? तू गेलीस की परत येणार नाहीस असं वाटायला लागलं. ह्या घरात एकटं काय करू मी?"

"म्हणून माझ्या अंगावर माणूस घातलास."

"अंगावर नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. त्याला हे मनापासून पटवायचं होतं. "तुझ्या केसालाही धक्का लागला नसता. मी सगळा विचार केला होता. बॅग लांब फेकायची आणि उलट्या दिशेला पळायचं. तूच सांगायचीस ना जेवताना? अंतर ठेवायचं, हात असे धरायचे, बॅगेसाठी झगडायचं नाही. तू त्याच्याशी भिडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचे मास्तर तर नको म्हणतात."

त्यानं हातसुद्धा करून दाखवले. तळवे उघडे, छातीपुढे, अगदी बरोबर. हॉलमधल्या काही जणांना दोन वर्षांत जमलं नव्हतं ते. मी समजत होते हा ऐकत नाही, नुसता जेवतो. तो माझा शब्दन् शब्द ऐकत होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि हा माणूस माझं इतकं नीट ऐकतो हे मला त्या दिवशी कळलं.  

मी कपाटावरची सुटकेस खाली काढली.

"सोमवारी आहे ना?" तो म्हणाला. "आज शनिवार आहे."

"आज बहिणीकडे जाते. तिथूनच निघेन."

"दोन दिवस राहा. मी काही करणार आहे का तुला? मी बाहेरच्या खोलीत झोपतो."

"आपल्या खोलीला आतून कडी नाही," मी म्हटलं.

एकोणीस वर्षांत तिची कधी गरज लागली नव्हती, त्याला नाही आणि मलाही नाही. त्याला रडू आलं. खरं रडू होतं, त्याचं खोटं रडू मी ओळखते. एरवी मी जवळ जाऊन बसले असते. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले, फाइल मांडीवर उघडली आणि त्याच्यासमोर, एकेक कव्हर उलटून, सगळी प्रमाणपत्रं आहेत की नाहीत ते मोजायला लागले.