उदबत्तीचं भोक

आमच्या सरकारी दवाखान्यातली एक्स-रे पाहायची पेटी म्हणजे आत दोन ट्यूबलाइट आणि वरून दुधी काच. सत्त्याऐंशी साली दुधी काच फुटली. साधी बसवून तिला बटर पेपर डकवला. एक ट्यूब कवाचीच मेलेली, दुसरी फडफडायची. त्या दसऱ्याला स्टाफनं यंत्रांची पूजा केली आणि कोणाची तरी उदबत्ती कागदाला लागली. चाराण्याएवढं भोक पडलं. फोटो लावला की तिथं पांढरा ठिपका चमकायचा.

फोटो वाचणारे डॉक्टर हेमचंद्र. त्यांना हवं होतं ते एवढंच: दोन्ही ट्यूब सारख्या जळाव्या, दुधी काच मिळावी, खिडकीला काळा पडदा लागावा. तीन दरखास्ती दिल्या. तिन्ही दाखल दफ्तर, म्हणजे फायलीत पडून. मोठ्या साहेबांच्या खोलीत त्याच वर्षी नवा कूलर आला.

मी दादाजी, अंधारखोलीत फिल्म धुणारा. डॉक्टर मला म्हणायचे की, आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या छातीत उदबत्ती लावलेली आहे. आम्ही हसायचो. पुढं त्यांची नजर त्या ठिपक्यावर थांबेनाशी झाली.

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात हैदराबादहून तपासणीवाले येणार होते. रोग्यांसाठी दोन वर्षं कोणी कागद बदलला नाही, साहेबांसाठी एका सकाळी बदलायचा हुकूम झाला. मी बदलला. डॉक्टर त्या दिवशी रजेवर. दुसऱ्या दिवशी सांगायचं माझ्याकडून राहिलं.

त्या दुसऱ्याच दिवशी महिपत आला. तलमडुगु गावचा, कापसाच्या गाठी उचलणारा हमाल. महिनाभराचा खोकला. डॉक्टरांपुढं चाळीस फोटो, ट्यूब फडफडते आहे, खिडकीचं ऊन थेट पेटीवर. त्यांनी लिहिलं, छाती साफ.

मार्चमध्ये त्याची बायको रेणुकाबाई त्याला धरून घेऊन आली. नव्या फोटोत अर्धं फुप्फुस पांढरं. डॉक्टरांनी जुना फोटो काढायला लावला, पेटीवर ठेवला. ठिपका होता. त्यांनी फोटो सरकवला. ठिपका फोटोबरोबर सरकला.

"दादाजी, कागद कधी बदलला?"

मी तारीख सांगितली. डॉक्टर खुर्चीत बसले.

महिपत बाकावरून सगळं पाहत होता. "साहेब, तवा काऊन नाई दिसलं?"

मीच सांगितलं, ट्यूब, भोक, कागद, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे भोक असतं तरी माहा ठिपका त्याच्यातच लपला असता," तो म्हणाला. "चांगलं हाय. दोन्हीकडून मेलोच."

तो जूनच्या आत गेला. डॉक्टरांनी चौथ्या दरखास्तीत त्याचं नाव घातलं. तीही दाखल दफ्तर.

दसऱ्याला पेटीपुढं पुन्हा उदबत्ती आली. मी ती हिसकावून पायाखाली विझवली. देवाचा अपमान केला म्हणून आठ दिवसांत माझी बदली झाली. इथं पेटीच नाही. फोटो खिडकीला धरून वाचतात. ढग असले की उद्या या म्हणतात.