घरातली वाचणारी

दारावर दुसरी थाप पडली तेव्हा सुनेने ख्रिस्ती शुभवर्तमानाचे पुस्तक सुताच्या लडींखाली खुपसले. हात निळीने बरबटलेले होते. कडांवर बोटे उमटली. पुसायला वेळ नव्हता.

रंगाऱ्याचे घर होते ते. रंगारी स्वतः अकरा महिने गावच्या तुरुंगात होता. घरात प्रार्थनेला माणसे जमवली, एवढाच त्याचा गुन्हा. धर्म सोडल्याच्या कागदावर सही केली असती, तर दुसऱ्याच दिवशी सुटला असता. त्याने केली नाही. मागे उरली त्याची बायको, म्हणजे ही सून, दोन वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. आईचा या सगळ्यावर मनापासून राग. प्रार्थना सुरू झाली की ती स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी आपटायची. "या पुस्तकानं घराची वाट लावली," हे सुनेला दिवसातून दोनदा तरी ऐकावे लागे.

अंमलदार दोन शिपाई आणि एक कारकून घेऊन आत शिरला. लडी उलथायला कितीसा वेळ लागणार? पुस्तक जमिनीवर पडले.

"हे कोण वाचतं?"

 सून पुढे झाली. तेवढ्यात सासूने मुलीला उचलून तिच्या अंगावर टाकले, असे की तिला दोन्ही हातांनी सावरावे लागले.

"मी वाचते," सासू म्हणाली.

"तू? मग वाचून दाखव."

सासूला अक्षरओळख नव्हती. तिने पुस्तक उचलले, मधेच कुठेतरी उघडले आणि डोळ्यांसमोर धरले. उलटे. कारकून तिच्या खांद्याशीच उभा होता.

म्हातारी बोलू लागली. हरवलेल्या एका मेंढरासाठी रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट, शब्दाला शब्द. रंगारी वाचताना जिथे खोकायला थांबत असे, तिथे तीही थांबली. मेंढरू सापडले आणि ती गप्प झाली.

अंमलदाराने कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने पुस्तक तिच्या हातातून अलगद काढून घेतले आणि मिटले.

"वाचता येतं बाईला," तो म्हणाला. त्याची नजर भिंतीवर होती.

"चल मग, म्हातारे."

सासूने शाल घेतली. सून मुलीला घट्ट धरून उंबऱ्यापर्यंत आली.

"आई, तुम्ही कधी..."

"भांडी किती वेळ आपटणार? हात दुखायचे. मग ऐकू यायचंच."

शिपायाने दंडाला धरले. तिने हात सोडवून घेतला आणि पायरी स्वतःच उतरली.

"मेंढरू सापडल्यावर पुढं काय झालं, ते मात्र राहिलं," ती मागे न बघता म्हणाली. "ही तुझी पोरगी नेमकी तिथंच रडायची. आता तुरुंगात त्यालाच विचारते."