सुरतेहून आल्यावर

दाखूबाईंचं हृदय कित्येक महिने मन मानेल तसं धावत होतं. कधी नुसती धडधड, कधी एखादा ठोका गाळून पुढे. औषधं झाली, मांडीतून नळी घालून केलेला इलाजही टिकला नाही. शेवटी सुरतच्या डॉक्टरांनी छाती न उघडता, दोन्ही कुशींत बारीक छिद्रं पाडून कॅमेरा आत घातला आणि हृदयावर डाग दिले. "चुकार ठोक्यांची वाट बंद केली," ते म्हणाले.

दवाखान्यात दाखूबाई मुलाला रोज विचारायच्या, "तरुण, भाभीला फोन लाव ना."

"मोठ्या मम्मीचा फोन बिघडलाय," तरुण सांगायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

भाभी म्हणजे थोरली जाऊ निर्मलाबाई, तरुणची मोठी मम्मी. लग्न होऊन आल्यापासून दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला. धडधड वाढली की तीच पाठीवरून हात फिरवत बसायची. तिने साधी चौकशीही करू नये? दाखूबाई मनातून रागावल्या होत्या.

नंदुरबारला उतरून मायलेक रिक्षाने निघाले. मिरच्या वाळत घातलेल्या पथारीपाशी तिखट खकाणा नाकात गेला, ठसका लागला आणि टाके ओढले गेले. घराशी शेजारच्या फुलवंताबाई वाटच बघत होत्या. दाखूबाई उतरताच त्यांनी गळा काढला.

"तू बरी व्हई गयी वं माय, पन निर्मलाबाई तं चालनी गयी ना!"

तरुण जागीच थिजला. आतून दाखूबाईंचे यजमान धर्मचंद धावत आले. हात धरून त्यांनी बायकोला आत बसवलं, मग हळूहळू सगळं सांगितलं. ऑपरेशनच्याच दिवशी जिन्यावरून भाभीचा पाय घसरला. डोक्याला मार लागला. संध्याकाळपर्यंतही राहिली नाही.

"डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. मग कसं सांगणार?"

दाखूबाईंनी मान हलवली. एरवी भांडं पडलं तरी जीव घाबराघुबरा व्हायचा. आता छातीवर हात ठेवून पाहिला. ठोका शांतपणे, एकामागून एक पडत होता. थोडा तरी चुकावा असं त्यांना वाटलं. टाक्यांच्या भोवतालची कातडी बधिर होती; बोट लावलं तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटे.

दुपारभर बायका येऊन बसल्या. कुणी म्हणालं, "रडून घ्या, मोकळं वाटेल." दाखूबाईंनी डोळे मिटून पाहिलं. काहीच आलं नाही. भाभीचा चेहरासुद्धा नीट आठवेना.

बायका गेल्यावर, जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नात जिया भाजी ढवळत होती.

"दादी, तुम्ही बसा ना. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सारखी बसूनच आहे ग."

त्यांनी परात ओढली, पीठ घेतलं, पाणी घातलं. कणीक तिंबताना कुशीत कळ आली. तशीच सोसली.

"दादी, भाजीत मीठ किती टाकू? मोठी दादीच टाकायची."

दाखूबाईंनी पिठाच्या हातांनीच मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"टाक अंदाजाने," त्या म्हणाल्या.